कवाडाला आतून कडी

खवऱ्यांच्या घरात सकाळी उठल्यावर पहिला नमस्कार देवाला व्हायचा आणि दुसरा टीव्हीला. टीव्हीच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक छोटंसं दार दिसायचं, लाल रंगाचं, घट्ट बंद. वैशालीबाई त्या दाराकडे बघून सुस्कारा सोडायच्या आणि चहाचं आधण ठेवायला आत जायच्या. गेलं दीड वर्ष हा क्रम चुकला नव्हता. दार हिरवं झालं की घरात पाळणा हलणार हे त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं, आणि दार मात्र हलायचं नाव घेत नव्हतं.

हे दार त्यांच्या सुनेच्या, गिरिजाच्या, डाव्या दंडात होतं. दिसायला ती काडेपेटीतल्या काडीएवढी नळी, कातडीखाली बसवलेली. बनवणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘कवाड’. गिरिजाला अकराव्या वर्षी मधुमेह झाला होता, ज्यात शरीर इन्सुलिन तयारच करत नाही तो. पोटावर चिकटवलेला पंप तिची साखर मोजून इन्सुलिन पुरवायचा, आणि त्या पंपाचं आणि तिचं इतक्या वर्षांच्या सहवासाने चांगलं जमलं होतं. कवाडाचं काम मात्र वेगळं होतं. ते पाळणा लांबवायचं.

लग्नानंतर पंधरवड्यातच गिरिजा कोल्हापुरात डॉ. रेश्मा मुजावर यांच्याकडे गेली होती. बरोबर नवरा शंभूराज होता आणि, बोलावलं नसतानाही, वैशालीबाई होत्या. डॉक्टरबाईंनी तिघांना बसवून सगळं नीट समजावलं. बाळाचं हृदय आणि पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. त्या वेळी आईची साखर चढलेली असेल तर घडणीतच खोट राहू शकते. म्हणून मधुमेह असलेल्या बाईने मूल हवं तेव्हाच होऊ द्यावं, आणि तोवर खात्रीचा अटकाव हवा. नेहमीच्या गोळ्या चालतात, पण रक्तदाब, डोळे आणि मूत्रपिंड ठणठणीत असतील तरच. इंजेक्शनाने काहींची साखर थोडी वर सरकते. तांबीत कसलंच औषध नसतं, त्यामुळे ती साखरेच्या वाटेलाही जात नाही. आणि आता हे नवीन कवाड आलं आहे.

कवाडाची करामत त्याच्या वरच्या थरात होती. तो थर एका जेलचा. रक्तात साखर वाढली की फुगायचा, उतरली की आकसायचा, आणि त्याचं हे फुगणं-आकसणं आतली चिप टिपून ठेवायची. साखर चढलेली असेतोवर कवाड रोज चिमूटभर संप्रेरक सोडायचं, म्हणजे गर्भ राहायचा नाही. सलग तीन महिन्यांची सरासरी ठरवून दिलेल्या रेषेखाली आली, की बाळासाठी आता धोका नाही असं समजून ते संप्रेरक सोडणं आपसूक थांबवायचं. दार उघडलं. जेल जुनं होत जातं तसा त्याचा अंदाज थोडा चुकतो, म्हणून दर सोमवारी बोटातल्या रक्ताच्या थेंबाशी त्याचा ताळा घ्यावा लागायचा, तराजूचा काटा अधूनमधून वजन ठेवून तपासतात तसा.

डॉक्टरबाईंनी गिरिजाला विचारलं, यातलं तुला काय बरं वाटतं? गिरिजाने तोंड उघडलं, पण वैशालीबाईंचं उत्तर आधी पोचलं. त्यांना कवाड आवडलं होतं. गोळी विसरायची भानगड नाही, परत परत दवाखान्यात यायला नको, सगळं आपोआप, आणि वर घरबसल्या टीव्हीवर दिसणार. गिरिजाने तोंड मिटलं. नवी नवरी होती ती, आणि कवाडात वाईट म्हणावं असं तरी काय होतं?

वर्षभरात जिल्ह्यात कवाडाची चलती झाली. कुणाचं दार हिरवं झालं की पेढे वाटले जायचे. बायका रस्त्यात भेटल्या की ‘काय गं, लाल का हिरवं?’ असं विचारायच्या. पलीकडच्या गावातल्या एका सुनेचं दार उघडल्याचं तिच्या आधी तिच्या पुण्याच्या नणंदेला कळलं, आणि बिचारी सून शेतावरून घरी आली तर दारात रांगोळी आणि आत्याबाई ओटी घेऊन उभ्या. इकडे माळशिरगावात अशा पाच-सहा घरांचे पेढे खाऊन झाले होते. खवऱ्यांचे पेढे तेवढे राहिले होते.

वैशालीबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. उलट फार मायाळू. पण त्यांची माया हाताला धरून ओढत नेणारी होती. सुनेची साखर उतरायची तर घराने साथ दिली पाहिजे म्हणून त्यांनी घरातून भात हद्दपार केला. इंद्रायणीचं पोतं भावाकडे पाठवून दिलं. ताटात काय आणि किती पडणार हे त्या ठरवायच्या, वाटीने मोजून, आणि वाढताना ‘घालू का’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचा नाही. शंभूराजच्या पँटी कमरेत सैल झाल्या. तो उसाची वाहतूक बघायचा, आणि बाहेर असला की मित्राच्या घरी गुपचूप आमटी-भात खाऊन यायचा, हे गिरिजाला माहीत होतं. एवढं करूनही दार लालच.

गिरिजाला यातलं एक नवल वाटायचं. पोटावरचा पंप म्हणायचा साखर उत्तम आहे, आणि दंडातलं कवाड म्हणायचं वर आहे. तिने एकदा कंपनीच्या मदतवाणीला फोन केला, तर तिथल्या गोड आवाजाने सांगितलं की कवाड जरा कडक असतं, बाळाचा प्रश्न असल्यामुळे त्याचंच खरं धरावं. गिरिजाने धरलं. त्याहून खोलात जायची तिला घाई नव्हती, आणि घाई नसण्याचं कारण गुऱ्हाळात होतं.

खवऱ्यांचं गुऱ्हाळ भोगावतीच्या काठाला होतं. घाण्यातून निघालेला उसाचा रस मोठ्या काहिलीत चुलवाणावर उकळायचा, वर आलेली मळी काढायची, आणि पाक नेमका तयार झाला की काहील उतरवायची. तो नेमका क्षण ज्याला कळतो तो गुळव्या. जरा आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर काळा पडतो. खवऱ्यांनी काहिलीला तापमानाची यंत्रं लावून पाहिली होती, पण ऊस दर शेताचा वेगळा, आणि यंत्र एका शेताचं शिकेपर्यंत दुसऱ्या शेताची गाडी दारात. शेवटी काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकून, त्याची बोटांत गोळी वळून बघणं हेच खरं. गिरिजाचा बाप गुळव्या होता. गोळी वळायला ती शाळेच्या वयातच शिकली, मधुमेह व्हायच्या आधी. पुढे जिभेवरून गूळ गेला पण बोटांतून गेला नाही.

खवऱ्यांचा म्हातारा गुळव्या गेल्या हंगामानंतर घरी बसला. जाताना त्याने काहिलीवरचा झारा त्याच्या हाताखाली राबलेल्या गिरिजाच्या हातात दिला होता. या दसऱ्यापासून गुऱ्हाळ तिचं होतं. बाईमाणूस गुळव्या असणं त्या पट्ट्यात कुणी ऐकलं नव्हतं, आणि लोक वाटच बघत होते. हा हंगाम तिच्या हातून पार पडला तर ती गुळव्या. मधेच बाहेरचा माणूस आणून काहिलीपाशी उभा करावा लागला, तर तिला पुन्हा कुणी झारा देणार नव्हतं. आणि पोटुशी बाई, तीही मधुमेहाची, त्या चुलवाणाच्या धगीत आणि धुरात पहाटेपासून उभी राहू शकत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तिला मूल हवं होतं. खरोखर हवं होतं. फक्त हा हंगाम झाल्यावर.

नवरात्रात वैशालीबाईंचा धीर संपला. त्या म्हणाल्या की मशीनच बिघडलेलं आहे, आणि बदलून घेतल्याशिवाय मी आज परत येत नाही. गिरिजा सकाळपासून काकवीच्या बाटल्या भरत होती. तिला तशीच उठवून त्यांनी गाडीत घातलं. स्वतः डॉक्टरबाईंसाठी एक ढेप फोडून, खडे फडक्यात बांधून घेतले. रिकाम्या हाताने भांडायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

डॉ. मुजावरांनी आधी गिरिजाच्या दंडाच्या शिरेतून रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. कवाड आल्यापासून ही जुनी तपासणी कुणी करतच नव्हतं, कवाड असताना कशाला, म्हणून. अहवाल आला तो डॉक्टरबाईंनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “गिरिजा, तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक दोन. इतकी छान साखर माझ्याकडं फार थोड्या बायकांची येते.”

गिरिजाला रडू आलं. अकराव्या वर्षापासून ती या आकड्याच्या मागे धावत होती. सहलीला गेली नव्हती, लग्नाच्या पंगतीत ताट बाजूला सारून बसली होती, आणि आज कुणीतरी तिला पास म्हणत होतं. शंभूराजने सगळ्यांसमोर तिचा हात धरला. वैशालीबाईंनी डोळे पुसले आणि लगेच विचारलं की मग दार लाल का.

डॉक्टरबाईंनाही तोच प्रश्न पडला होता. त्यांनी गिरिजाला सांगितलं, सोमवारी करतेस तसं इथं करून दाखव. गिरिजाने बोट कमरेच्या पंच्याला पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर ठेवला. दोनशे अडुसष्ट. शिरेतल्या रक्तात तर आत्ताची साखरही उत्तम आली होती. वैशालीबाईंना जोर चढला. बघा, मशीन बिघडलंय म्हणून मी सांगतच होते. माझंच बघा, मला काडीचा रोग नाही, असं म्हणत त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. नर्सने टोचलं. तीनशे बारा.

मग सगळे एकदम बोलायला लागले. शंभूराज म्हणाला आईचा चहा आजपासून बिनसाखरेचा, आणि सकाळ-संध्याकाळ चालणं. नर्स म्हणाली वय बघता डोळेही तपासून घ्या. शंभूराजने तेवढ्यात फोनवर आत्याला कळवलंसुद्धा, आणि आत्याने मेथ्या भिजवून खायला सांगितलं. वैशालीबाई एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

“आरं, मला कोण इचारणार हाय का न्हाई?” त्या शेवटी म्हणाल्या.

डॉ. मुजावरांचं लक्ष मात्र त्यांच्या नखांकडे होतं. नखांच्या कडेला पिवळसर काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी टेबलावरचं फडकं बघितलं, गिरिजाची बोटं हातात घेऊन निरखली, आणि खुर्चीवर मागे रेलून हसायला लागल्या. मग दोघींना बेसिनपाशी पिटाळलं. साबण लावून, कोमट पाण्याने, नखांच्या कडांसकट. पुन्हा टोचलं तेव्हा गिरिजाची साखर एकशे नऊ आली आणि वैशालीबाईंची शहाण्णव.

रक्ताचा थेंब इवलासा असतो, डॉक्टरबाईंनी सांगितलं. बोटावर गुळाचा नुसता पुसट हात असला तरी तो थेंबात विरघळतो, आणि यंत्र बोटावरचा गूळ रक्तातला म्हणून मोजतं. दर सोमवारी सकाळी गिरिजा गुऱ्हाळात असायची. पाक वळलेली बोटं पंच्याला पुसून टोचायची, आणि पंचा तरी कुठे कोरा होता? गुऱ्हाळात वाफेबरोबर गूळ उडतो, दाराच्या कडीलाही चिकटा असतो. पावसाळ्यात बाटल्यांत भरायची काकवी होतीच. कवाडाने दीड वर्ष मुकाट्याने गुऱ्हाळाची साखर मोजली होती. कवाड बनवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात हात स्वच्छ असावेत एवढं लिहिलं होतं, पण गुऱ्हाळात स्वच्छ कशाला म्हणायचं हे शहरातल्या माणसाला काय ठाऊक? वैशालीबाई हसून हसून खोकायला लागल्या. इतका वेळ धरून ठेवलेली भीती अशी बाहेर पडत होती.

आता तपासणीचा खरा आकडा कवाडात भरला होता. ते मागचा सगळा हिशेब स्वतःच दुरुस्त करणार होतं, आणि सोमवारी सकाळी आपोआप उघडणार होतं. हे ऐकताच वैशालीबाई फोन घेऊन बाहेर गेल्या. पेढ्यांची ऑर्डर काचेतून आत ऐकू येत होती.

गिरिजा तशीच बसून होती. डॉ. मुजावर हलक्या आवाजात म्हणाल्या, “कवाडाला साखर कळते, गिरिजा. त्याहून जास्त काही त्याला कळत नाही. बाकीचं तू सांगायचंस. तू सांगशील तेव्हा मी आहे.”

त्या संध्याकाळी गुऱ्हाळात चुलवाण सारवत असताना गिरिजाने शंभूराजला सगळं सांगितलं. तो तिच्या बाजूचाच होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मूल कधीही झालं तरी तो बाप व्हायला तयार आहे, गुऱ्हाळ तिने चालवावं हेही त्याला मनापासून वाटतं, आणि आईला हे सांगायचं काम मात्र त्याच्याने होणार नाही. उसाच्या ट्रॉल्या चिखलातून काढणारा हा गडी आईपुढे मांजर होता.

“मीच सांगणार हाय,” गिरिजा म्हणाली. “लाल दार हुतं तवर मला न्हाई म्हणायची येळच आली न्हाई. ते माझ्या वतीनं न्हाई म्हणत हुतं, आन् मी त्याच्या आड गप बसलो. आता त्ये उघडणार. आता मलाच तोंड उघडाय पायजे.”

दसरा रविवारी होता. सकाळी काहिलीची पूजा झाली, झेंडूची माळ घातली, आणि पहिला रस उकळायला लागला. पेढ्यांचे खोके घरी येऊन पडले होते. वैशालीबाई नव्या लुगड्यात काहिलीपाशी उभ्या होत्या आणि सोमवारी कुणाकडे आधी जायचं हे ठरवत होत्या. गिरिजाने थेंब गार पाण्यात टाकला, गोळी वळली, पाण्याच्या भांड्यावर टाकली. टक्क आवाज आला. तिने हात वर केला, गड्यांनी काहील उतरवली, आणि पाक गूळ निववायच्या वाफ्यात सोन्यासारखा पसरला. गडी पुढच्या रसाला लागले. मग तिने हौदावर जाऊन हात धुतले आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

“आई, उद्या कवाड उघडंल. पर यंदा मला मूल नको.”

वैशालीबाईंना आधी ऐकलेलं खरंच वाटलं नाही. मग त्या चिडल्या. दीड वर्ष घरात भात शिजला नाही, गावभर सांगून झालं, खोके येऊन पडलेत, आणि आता नको? नको म्हणजे काय? गिरिजाने त्यांना पुरतं बोलू दिलं. नको म्हणजे कधीच नको असं नाही, ती म्हणाली. हवंच आहे. पण हा हंगाम तिचा आहे, आणि तो झाल्यावर.

“तुज्या मनात हुतं तर आदी का न्हाई सांगितलंस?”

“कुणी इचारलंच न्हाई. आन् मीबी सांगितलं न्हाई, त्ये माझं चुकलं.” गिरिजाने ओले हात पदराला पुसले. “आई, त्या दिवशी दवाखान्यात तुमी म्हणालासा, मला कोण इचारणार हाय का न्हाई. तुमच्या बोटावर घडीभर गूळ हुता. माझ्या दंडात दीड वर्ष दार हाय.”

वैशालीबाई चिपाडाच्या भाऱ्यावर बसल्या. चुलवाणातली चिपाडं तडतडत होती, आणि वाफ्यातला गूळ आळायला लागला होता. दवाखान्यातली ती घटका त्यांना चांगली आठवत होती. पोरगा बोलत होता, नर्स बोलत होती, फोनवरून नणंद बोलत होती, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते माणूस त्या खोलीत कुणाला दिसतच नव्हतं. घरी येऊन त्या सगळ्यांना हसून सांगत होत्या, पण रात्री त्यांना त्याचा राग आला होता, आणि राग कुणावर काढायचा ते कळलं नव्हतं. आता कळलं, आणि बोट स्वतःकडेच वळत होतं. ते काही सुखाचं नव्हतं. त्यांनी पदराने वारा घेतला आणि सुनेकडे बघितलं.

“मग पेढ्यांचं काय करू?” त्या म्हणाल्या.

गिरिजाला हसू फुटलं, आणि तिच्या मागोमाग त्यांनाही. पेढे वाया जाणार नव्हतेच. सोमवारी वैशालीबाई खोके घेऊन ठरल्याप्रमाणे घरोघर फिरल्या. लोकांनी विचारलं, हिरवं झालं वाटतं? त्यांनी पेढा हातावर ठेवत सांगितलं की आमची सून गुळव्या झाली, पहिली काहील काल उतरली, तोंड गोड करा. कुणी जास्त खोदून विचारलं तर त्या म्हणायच्या, त्याचं तिला विचारा, माझ्या दंडात आहे का दार?

डॉ. मुजावरांकडे त्याच सोमवारी गिरिजा एकटी गेली. डॉक्टरबाईंनी पुन्हा सगळे पर्याय समोर मांडले आणि या वेळी गिरिजाने उत्तर दिलं. तिला कवाड नको होतं, तांबी हवी होती. जुनी, साधी, कशाचंच मोजमाप न करणारी, साखरेला न शिवणारी आणि टीव्हीवर न दिसणारी. तांबी एकटी पुरेशी आहे आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात, डॉक्टरबाई म्हणाल्या. हंगाम संपायच्या तीन महिने आधी एक पिवळी गोळी सुरू करायची, बाळाच्या कण्यासाठी, एवढं मात्र लक्षात ठेव. कवाड काढताना त्यांनी विचारलं, याच्यात खोट काय होती, तुझ्या मते?

“खोट न्हवती वो,” गिरिजा म्हणाली. “काम चोख करायचं. पर दार म्हटलं की आतनं कडी लागतीया. घरात कोण हाय त्याला वाटलं तर उघडंल, न वाटलं तर न्हाई. याला कडीच न्हवती.”

डॉक्टरबाईंनी हे वाक्य जसंच्या तसं कवाड बनवणाऱ्यांना कळवलं, हात धुण्याच्या गोष्टीसकट. थंडीत डॉक्टरबाईंचा फोन आला. कवाडाची दुसरी आवृत्ती निघत होती. साखर कितीही चांगली असली तरी बाईने स्वतः हो म्हटल्याशिवाय ती उघडणार नव्हती, आणि दार टीव्हीवर दिसणार नव्हतं, फक्त तिच्या फोनात. त्या हो-नाहीच्या बटणाला कंपनीतल्या लोकांनी नाव ठेवलं होतं ‘कडी’. गिरिजा त्या वेळी काहिलीपाशी होती. फोन कोपराने कानाला दाबून तिने सगळं ऐकलं, आणि गोळी वळायची वेळ झाली म्हणून ठेवून दिला.

तो हंगाम गावाच्या लक्षात राहिला. गिरिजाच्या गुळाचा रंग उतरला नाही आणि ढेप कधी पाझरली नाही. मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी व्यापारी ढेप फोडून नाकाशी नेत, आणि गुळव्या कोण म्हणून विचारत. शंभूराज तिथे मुद्दाम रेंगाळायचा, कुणीतरी विचारावं म्हणून. बायकोचं नाव सांगताना त्याचा आवाज जरुरीपेक्षा मोठा व्हायचा. गिरिजाचा बाप एकदा येऊन काहिलीपाशी बसून गेला. एक खडा तोंडात टाकला आणि दुसरा खिशात घातला.

घरात टीव्हीच्या कोपऱ्यातलं दार गेलं होतं. वैशालीबाईंची नजर काही दिवस सकाळी तिकडे जायची, मग त्यांनी तिथे हवामान लावून घेतलं. भात मात्र परत आला नव्हता. सहा पूर्णांक दोनचं सगळं श्रेय त्या स्वतःच्या भाकरीला देत होत्या, आणि शंभूराजची मित्राकडची आमटी चालूच होती.

संक्रांतीनंतर वैशालीबाईंना गिरिजाच्या डब्याशेजारी एक पिवळी गोळी दिसली. रोज एक, जेवणानंतर. गावातल्या सुनांमुळे त्या गोळीचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. विचारावं असं शंभरदा वाटलं, आणि शंभरदा त्यांनी जीभ चावली. एकदा तर ‘गिरिजा’ अशी हाक मारून, ती वळल्यावर, त्यांनी मीठ कुठे आहे ते विचारलं. मीठ त्यांच्याच हातात होतं. गिरिजाने बघून न बघितल्यासारखं केलं.

पाडव्याच्या आधी शेवटची काहील उतरली. चुलवाण विझलं, गडी आपापल्या गावाला गेले. गिरिजा घरी आली, अंगणातल्या नळावर साबणाने हात धुतले, नखांच्या कडांसकट, आणि चुलीपाशी सासूशेजारी बसली. म्हणाली, सोमवारी डॉक्टरांकडं जाऊन येतो, आई. तांबी काढायची म्हणतो.

वैशालीबाईंनी भाकरी थापायची थांबवली. डॉक्टर म्हणाल्या का, असं त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. गिरिजा म्हणाली की डॉक्टरांनी साखर चांगली आहे एवढंच सांगितलं. शंभूला विचारलंस? तो तर कधीचा तयार आहे.

“मग ठरवलं कुणी?”

“मी,” गिरिजा म्हणाली.

वैशालीबाई उठल्या. कोठीत गेल्या, आणि फळीवरच्या मागच्या डब्यातून काहीतरी काढून आणलं. भावाकडे पाठवलेल्या पोत्यातून पायलीभर इंद्रायणी त्यांनी कधीचीच मागे ठेवली होती, पेढ्यांच्या दिवसासाठी. थोड्या वेळाने घरभर भाताचा वास पसरला. शंभूराज दारातून आत आला, चपला काढायचं विसरला आणि तसाच उभा राहिला. त्याचं ताट त्याला आई देईल तेव्हा मिळणार होतं. वैशालीबाईंनी गिरिजाचं ताट आधी घेतलं, भातावर उलथणं टेकवलं, नेहमीची मापाची वाटी हाताशी होती ती बाजूला सारली, आणि थांबल्या.

“किती घालू?” त्यांनी विचारलं.

गिरिजाने पंपाकडे एकदा बघितलं, मग ताटाकडे.

“दोन उलथणी, आई,” ती म्हणाली. “आन् वर थोडं तूप.”